सद्भावना कुणाची? एका लेन्सचा जमाखर्च



मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी आमचेच एक नातलग, वय पन्नाशीचं, चांगल्या हुद्द्यावर. बोलता बोलता सांगू लागले की नवा फ्रिज वॉरंटीत असतानाच बंद पडला, मेकॅनिक आला, "व्होल्टेज का लफडा है, वॉरंटी में नहीं आता" म्हणाला आणि साडेसहा हजार घेऊन गेला. मी विचारलं, "व्होल्टेजमुळे गेला हे लिहून घेतलंत का?" तर म्हणाले, "जाऊ द्या हो काका, कुठे भांडत बसायचं." वर मलाच ऐकवलं, "तुम्ही म्हणे त्या कॅमेऱ्याच्या लेन्सपायी आठ महिने घालवलेत. या वयात कशाला हे करून राहिलात? शोभत नाही."

लग्नघर होतं, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बोलतो. लांबण लागेल, पण ज्यांच्या कपाटात एक तरी वॉरंटी कार्ड पडलेलं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आधी माझी बाजू. मी १९७२ चा बी. कॉम. आमच्या इंदूर विद्यापीठाला तेव्हा देवी अहिल्येचं नाव लागायचं होतं. छत्तीस-सदतीस वर्षं बँकेत काढली, क्लार्कपासून अधिकारी झालो. निवृत्तीनंतर एकच नाद लावून घेतला. इंदूर, देवास, धार, उज्जैन इथल्या आपल्या जुन्या घरांत जायचं आणि मोडी कागद, वंशावळी, भिंतीवरचे फोटो, वाड्यांचे दरवाजे, देवघरं यांचे फोटो काढून ठेवायचे. वाडे पडून राहिलेत, मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेत. कागद वाळवीच्या पोटात जाण्याआधी निदान फोटोत तरी राहोत, एवढीच इच्छा.

त्यासाठी २०२२ च्या धनतेरसला एक चांगली लेन्स घेतली. ५८,४०० रुपये. एफडीच्या व्याजातून साठवलेले. पक्कं बिल, अनुक्रमांक टाकलेला, दोन वर्षांची वॉरंटी, कंपनीच्या वेबसाईटवर नोंदणीही त्याच आठवड्यात केली. बँकेतला माणूस ह्या बाबतीत चुकत नाही.

जानेवारीत आमच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. एक्केचाळीस माणसं अंगणात, तीन रांगा, मधे खुर्चीवर आत्या. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर मधलं आणि उजवीकडचं स्वच्छ, डावीकडची दहा-बारा माणसं धूसर. हात हलला म्हणावं तर सगळंच हललं असतं. डाव्या टोकाला आमचे थोरले मेहुणे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कुणी ओलं बोट फिरवावं तसं दिसत होतं.

मी लगेच कंपनीला दोष दिला नाही. आधी स्वतः तपासणी केली. भिंतीवर वर्तमानपत्राची चार पानं चिकटवली, कॅमेरा स्टँडवर बरोबर समोर लावला, टायमरवर फोटो काढले, एफ ४, एफ ५.६, एफ ८. डावी बाजू मऊच. मग कॅमेरा स्टँडवर उलटा लावला. भिंत तिरकी असती किंवा मी वाकडा उभा असतो, तर दोष कागदाच्या त्याच टोकाला राहिला असता. तो कागद सोडून कॅमेऱ्याबरोबर फिरला. मग एका मित्राची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर लावली, चारही कोपरे लख्ख. म्हणजे कॅमेरा निर्दोष, दोष लेन्समध्ये. ह्या व्यवसायातली माणसं ह्याला डीसेंटरिंग म्हणतात. लेन्समध्ये एकामागे एक बऱ्याच काचा असतात, त्या सगळ्यांचा मध्य एका रेषेत हवा. एखादी काच किंवा काचांचा गट केसभर सरकला किंवा तिरका बसला, की एक बाजू मऊ येते.

ही चाचणी कुणालाही घरी करता येते. काचा बदलता येत नाहीत, पण तक्रार खरी आहे की मनाचे खेळ, एवढं नक्की कळतं.

६ फेब्रुवारी २०२३ ला लेन्स सर्व्हिस सेंटरवाल्यांकडे दिली. इंदुरात नुसतं जमा करायचं, काम मुंबईला होतं. १४ मार्चला परत आली, छत्तीस दिवसांनी. सोबतच्या कागदावर एकच ओळ: लेन्स कंपनीच्या मर्यादेत आहे. कुठली मर्यादा? किती? मोजलं कशावर? काही नाही. घरी येऊन पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा तीच धूसर डावी बाजू.

२० मार्चला पुन्हा गेलो. ह्या वेळी छापलेले फोटो नेले. आणि एक गोष्ट केली, जिच्यावर पुढचं सगळं प्रकरण उभं राहिलं. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "बेटा, पावती पे लिख दो, लेन्स की बॉडी कैसी है." तो म्हणाला, "अंकलजी, उसकी ज़रूरत नहीं." मी म्हटलं, "मेरे को है." त्यानं माझ्यासमोर लेन्स फिरवून पाहिली आणि लिहिलं, बाहेरून ओरखडा नाही, पोचा नाही, पुढची-मागची काच स्वच्छ. सही, शिक्का. बँकेत लॉकरची किल्ली देतानासुद्धा आम्ही सही घेत होतो. अठ्ठावन्न हजारांची वस्तू नुसत्या "हो हो" वर कशी सोडायची?

५ मेला फोन. "सर, इसमें इम्पॅक्ट डॅमेज है. वॉरंटी में नहीं होगा. एस्टिमेट इक्कीस हज़ार तीन सौ."

आता हिशेब बघा. मार्चमध्ये हीच लेन्स ह्याच लोकांनी तपासून "मर्यादेत" म्हणून परत केली. म्हणजे तोवर आघात झालेला नव्हता. त्यानंतर माझ्याकडे ती फक्त सहा दिवस होती, आणि सहाव्या दिवशी त्यांच्याच माणसानं लिहून दिलं की कुठे पोचा नाही. मग मार बसला कधी? एक तर पहिला शेरा खोटा, नाही तर दुसरा, नाही तर मार त्यांच्या ताब्यात असताना बसला. चौथी शक्यता मला तरी सापडली नाही.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगतो, की आतला आघात बाहेर दिसेलच असं नाही. पार्सलमध्ये आदळली तरी काच आत सरकू शकते. मान्य. पण मग दाखवा. उघडलेल्या लेन्सचा फोटो द्या, कुठला भाग तुटला ते सांगा. मी लेखी मागितलं. उत्तर आलं, "टेक्निशियन का ओपिनियन है." आणि टेक्निशियनशी बोलता येत नाही.

माझं भांडण नेमकं इथे आहे. "बाहेरून इजा" हे दोन शब्द म्हणजे कोरा चेक झालाय. फ्रिज असो, मोबाइल असो, लेन्स असो, शेरा मारणारा तोच, तपासणारा तोच, आणि शेरा मारल्यावर दुरुस्तीचे पैसे घेणारा तोच. बँकेत ज्यानं व्हाउचर बनवलं त्यालाच आम्ही ते पास करू देत नव्हतो. मेकर वेगळा, चेकर वेगळा. शिपाईसुद्धा हा नियम जाणतो.

आणि आता माघारी कुठे जायची सोयही राहिली नाही. हेच इंदूर, जिथे दीनदयाळ सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी करता करता १८७० च्या दशकात फोटोग्राफीकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे राजछायाचित्रकार झाले. त्या काळची लेन्स म्हणजे पितळी नळी आणि काचा, हुशार कारागीर खोलून पुसून बसवी. आमच्या लहानपणीही घड्याळवाल्याकडे कॅमेरा दुरुस्त होई. आजच्या लेन्समध्ये मोटर, सर्किट, सुटे भाग कंपनीकडेच, जुळवणीची यंत्रंही त्यांच्याकडेच. म्हणून त्यांचा शब्द अखेरचा. ज्याचा शब्द अखेरचा, त्याच्यावर पुराव्याची जबाबदारी नको का?

हे मी स्वप्नातलं मागत नाही. बँकांना हेच लागू आहे. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानं ठरवलं की खात्यातून परस्पर इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला, तर चूक ग्राहकाची होती हे बँकेनं सिद्ध करायचं. ते आलं तेव्हा आमच्या निवृत्त मंडळींत बरीच कुरकुर झाली. ग्राहक काय, काहीही सांगतील म्हणे! सांगतातही. खोटं बोलणारे ग्राहक मी काउंटरवर ढिगानं पाहिलेत. तरीही नियम बरोबर आहे, कारण लॉग बँकेकडे आहे, ग्राहकाकडे नाही. आतली माहिती ज्याच्या हातात, पुरावा त्यानं द्यावा.

उशिराचंही तसंच. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून मात्र कापले गेले, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत परत करायचे, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला द्यायचे. २०१९ चा नियम आहे. माझी लेन्स दोन्ही खेपा मिळून २३० दिवस त्यांच्याकडे होती. शंभराच्या दरानं २३,००० रुपये होतात, म्हणजे त्यांनी मागितलेल्या एस्टिमेटपेक्षा जास्त. पाचशेच्या नोटेसाठी बँकेला जो दंड बसतो, तो अठ्ठावन्न हजारांच्या वस्तूसाठी दुरुस्तीवाल्याला का नाही?

आता कॉमर्सवाल्याच्या चष्म्यातून एक गोष्ट सांगतो, जी पुष्कळांना ठाऊक नसते. वॉरंटी फुकट नसते. कंपनी माल विकते तेव्हा त्यातला काही बिघडून परत येणार हे तिला अनुभवानं माहीत असतं, आणि त्या दुरुस्तीच्या अंदाजी खर्चाची तरतूद विक्रीच्याच वर्षात हिशेबात धरावी लागते. लेखा मानक २९ वाचा, वॉरंटीचं उदाहरणच दिलंय. म्हणजे खर्च आधीच धरलेला असतो आणि किंमत ठरवताना तोही त्यात येतो. मी धनतेरसला मोजलेल्या ५८,४०० मध्ये माझ्या दुरुस्तीचा वाटा गेलेला होता. तेव्हा "फुकट करून द्या" म्हणून मी हात पसरत नव्हतो. भरलेल्या विम्याचा दावा करत होतो.

पुढचं थोडक्यात. १० मेला रजिस्टर्ड पत्र, सोबत दोन्ही जॉबशीट, पावती, बिल, फोटो. महिनाभर उत्तर नाही. जूनमध्ये राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. आपल्या मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जुलैमध्ये स्वतःच नोटीस लिहिली: पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जातो. वकील केला नाही.

पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, मी नवीन लेन्स पाठवतो, सोडा ना. तुमच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?" त्याला म्हटलं, "आहे, म्हणूनच सोडत नाही." तो हसला. त्याची माया कळते मला. पण एकविसाव्या शतकात शिकलेल्या मुलानं हक्काची वस्तू सोडून दुसरी विकत घेणं ह्याला व्यवहार म्हणावं, ह्याचं वाईट वाटलं.

ऑगस्टमध्ये कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. मग ईमेल: तुमच्या लेन्सला वॉरंटी लागू होत नसली तरी एक वेळची सद्भावना म्हणून आम्ही विनामूल्य दुरुस्ती करत आहोत, कृपया संमतीपत्रावर सही करावी.

घरात सगळे खूश. ही म्हणाली, "अहो, झालं ना काम? करा सही, संपवा."

मी सही केली नाही.

हट्ट म्हणा. पण बँकेत एक शिकलो: रक्कम बरोबर असून चालत नाही, नॅरेशनही बरोबर हवं. त्या कागदावर सही केली असती तर लेखी नोंद काय राहिली असती? की ग्राहकानं वस्तू आपटली, खोटा दावा केला आणि कंपनीनं दया दाखवली. पुन्हा तोच दोष आला तर हाच कागद माझ्यासमोर धरला असता. शिवाय माझ्यामागून येणाऱ्या माणसाला काय उपयोग? हक्क मिळाला तर तो सगळ्यांचा असतो. मेहरबानी एकट्याची असते.

आणि सद्भावना कुणाची हो? गुडविल ही मालमत्ता आहे, ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते. कंपनीची गुडविल आमच्या खिशातून तयार होते. आमच्याकडून घेतलेली वस्तू आम्हालाच भेट म्हणून द्यायची, आणि वर सही मागायची!

मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं. जॉबशीटवर "वॉरंटी दुरुस्ती" असं लिहा, आघाताचा शेरा मागे घ्या, नाही तर आयोगात भेटू. तीन आठवडे शांतता. ३० सप्टेंबरला लेन्स आली. कागदावर: काचांचा एक गट बदलला, जुळवणी केली, वॉरंटी दुरुस्ती, रक्कम शून्य. भिंतीवर वर्तमानपत्र लावलं, चारही कोपरे वाचता आले.

सगळं जिंकलो असं नाही. ते २३० दिवस वॉरंटीत वाढवून मागितले, नाही मिळाले. दोन वर्षांतले जवळजवळ एक तृतीयांश दिवस गेले ते गेलेच. आणि फोटो बिघडल्याची भरपाई वॉरंटीत नाही, हे कार्डावर बारीक अक्षरात छापलेलंच आहे. थोरले मेहुणे त्याच पावसाळ्यात गेले. सगळ्या घराबरोबरचा त्यांचा शेवटचा फोटो तो धूसरच. बहिणीनं तोच फ्रेम करून लावलाय. त्यांच्या घरी गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

आता आपल्या लोकांना दोन शब्द. रागावू नका.

कंपन्या असं करतात, कारण "जाऊ द्या" म्हणणारे त्यांना भेटतात. आणि त्यात आपली मंडळी पहिल्या पंगतीला. माझे आजोबा सांगायचे, "आपण परमुलखातले, कुणाशी वाकडं घेऊ नये." अहो, मल्हाररावांच्या काळापासून मराठी माणूस माळव्यात आहे. अडीचशे वर्षांहून अधिक झाली, अजून पाहुणेच का आपण? आपल्यातलेच लोक इथे न्यायाधीश झाले, प्राध्यापक झाले, वकील झाले. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पन्नास वर्षांचा शिकलेला माणूस आवाज काढत नाही, कारण "बरं दिसत नाही". साडेसहा हजार देताना बरं दिसतं?

काउंटरवरच्या मुलावर ओरडू नका, हेही सांगतो. तो आठ-दहा हजारांवर राबणारा पोरगा आहे, शेरा त्याचा नसतो. आवाज चढवल्यानं काही होत नाही. कागदानं होतं. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहक कायदासुद्धा नव्हता, तो १९८६ मध्ये आला. आता तर २०१९ चा नवा कायदा आहे, आणि तो आपल्याला बरंच देतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ऑनलाइनही होतं. दोष नुसता पाहून ठरत नसेल, तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणजे "टेक्निशियन का ओपिनियन" हा शेवट नाही.

एवढंच करा. पक्कं बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर चार पैसे वाचवू नका. अनुक्रमांक बिलावर हवा. थर्मल कागदावर छापलेलं बिल काळानं पुसट होतं, त्याचा फोटो काढून ठेवा. वस्तू दुरुस्तीला देताना तिची अवस्था पावतीवर लिहवून घ्या, आणि समोरच मोबाइलनं चारी बाजूंचे फोटो काढा. नकार दिला तर कारण लेखी मागा. "सद्भावना" म्हणाले तर सही करण्याआधी चष्मा लावून वाचा.

आणि जमत नसेल तर रविवारी सकाळी रामबागेत आमच्या घरी या. बिल, कार्ड, जॉबशीट घेऊन या. पत्राचा मसुदा मी करून देतो, फी नाही. पोहे-जिलबी आमच्याकडे. त्या फ्रिजवाल्या नातलगांनाही निरोप दिलाय. दोन वर्षं व्हायला अजून सात महिने आहेत, एवढंच त्यांना कळवलंय.

– एक निवृत्त बँक अधिकारी, इंदूर